कुत्र्याचें म्हातारपण

घरांतला कुत्रा म्हातारा होऊं लागला म्हणजे त्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकूं येऊं लागतें. कुत्रा जिना चढावयास कांकूं करतो, हांक मारली तरी मान वळवीत नाहीं, रात्रीं उठून पाणी पितो, पहांटे खोकतो, ज्या चटईवर दहा वर्षें निजला तिच्यावरच एखादे दिवशीं लघवी करून बसतो, आणि अशा प्रत्येक प्रसंगीं घरांतील वडील मंडळी एवढेंच म्हणतात, कीं “आतां वय झालें त्याचें.” वाक्य दयेचें आहे, आणि शब्दशः पाहिलें तर तें खोटेंहि नाहीं. तथापि जिना न चढणें, ऐकूं न येणें, तहान वाढणें, खोकणें आणि जागेचें भान सुटणें या पांच गोष्टींचीं कारणें पांच निरनिराळ्या अवयवांत असूं शकतात, आणि त्यांपैकीं कित्येकांवर इलाज असतो. एका वाक्याच्या पांघरुणाखालीं हीं सारीं कारणें मनुष्यानें शतकानुशतकें झांकून ठेविलीं. तें पांघरूण हळूहळू कसें दूर झालें याचा इतिहास कुत्र्याचा जितका आहे, तितकाच तो माणसाच्या पाहण्याच्या संवयीचाहि आहे.

युरोपच्या वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध म्हातारा कुत्रा म्हणजे होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांतील आर्गस होय. ओडिसियस राजा वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत आपल्या वाड्याशीं येतो, तेव्हां कोणीं न सांगतां त्याला ओळखणारा पहिला जीव हा कुत्राच. तो दाराबाहेर शेणखताच्या ढिगाऱ्यावर पडलेला आहे, अंगभर गोचीड झाले आहेत. धन्याला पाहतांच तो शेपूट हलवितो, कान पाडतो. पण उठून जवळ येण्याचें बळ त्याच्यांत उरलेलें नाहीं, आणि तेथेंच त्याचा प्राण जातो. या प्रसंगांतील कारुण्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कुत्रा या दशेला कां पोंचला याचें कारण कवीनें नुसतें वयावर ढकललेलें नाहीं. धनी दूर गेला, नोकरांनीं हेळसांड केली, असें तो स्पष्ट सुचवितो. वय आणि हेळसांड हीं दोन निरनिराळीं कारणें आहेत, एवढा विवेक त्या प्राचीन कवीपाशीं होता. पुढच्या पिढ्यांना तो तितकासा राखतां आला नाहीं.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत कुत्र्याच्या आयुष्याची मोजदाद केली आहे. लॅकोनिया प्रांतांतील शिकारी कुत्र्यांत नर सुमारें दहा व मादी सुमारें बारा वर्षें जगते, इतर जातींचीं कुत्रीं चौदा-पंधरा वर्षें व क्वचित् वीस वर्षेंहि जगतात, असें तो सांगतो. कुत्र्याचें वय दांतांवरून ओळखावें, तरुणाचे दांत पांढरे व अणकुचीदार, म्हाताऱ्याचे काळे व बोथट, हेंहि त्यानें नोंदविलें आहे. परंतु रोगांचा विषय निघाला कीं त्याची यादी तिनांवर संपते : पिसाळणें, घशाचा रोग आणि पायांचा रोग. हे तिन्ही रोग कोणत्याहि वयांत होणारे आहेत. वार्धक्यांतच डोकें वर काढणाऱ्या रोगांचा वेगळा विचार तेथें नाहीं. वय दांतांत वाचावयाचें आणि तेथेंच थांबावयाचें, ही पद्धति पुढें फार काळ टिकली.

वयाच्या मोजमापासंबंधीं एक मौजेचा पुरावा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें आहे. तेथील वेदीपुढील रंगीत दगडांची फरसबंदी १२६८ सालची. तिच्यावरील लेखांत जगाच्या आयुष्याचें एक कोडें घातलें आहे : कुंपण तीन वर्षें टिकतें, कुत्रा त्याच्या तिप्पट, घोडा कुत्र्याच्या तिप्पट, माणूस घोड्याच्या तिप्पट, आणि याच क्रमानें पुढें. या हिशेबानें कुत्र्याचीं नऊ वर्षें होतात व माणसाचीं एक्यायशीं. म्हणजे कुत्र्याचें एक वर्ष माणसाच्या नऊ वर्षांबरोबर. विसाव्या शतकांत हेंच प्रमाण साताचें झालें, आणि एकास सात हा हिशेब घरोघर पाठ झाला. हे दोन्ही हिशेब सोपे आहेत, आणि दोन्ही चुकीचे आहेत. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं १०४ लॅब्रडॉर कुत्र्यांच्या पेशींतील रासायनिक खुणांची माणसांच्या तशाच खुणांशीं तुलना करून एक नवें गणित मांडलें. त्याप्रमाणें एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या सुमारें तिशीला येतो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडतो, आणि त्यापुढें मात्र वेग मंदावून बारा वर्षांचा कुत्रा सत्तरीच्या आसपास असतो. अर्थात् हें गणित एका जातीचें झालें. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा आठ-नऊ वर्षांतच थकतो, तर लहानखुरीं कुत्रीं चौदा-पंधरा वर्षें सहज काढतात. प्राणिसृष्टींत सामान्यतः मोठा देह दीर्घायुषी असतो. कुत्र्यांच्या जातींत मात्र नेमकें उलट घडतें. तेव्हां वय झालें हें वाक्य सहा वर्षांच्या ग्रेट डेनला जितकें लागू पडेल, तितकें सहा वर्षांच्या पामेरियनला पडणार नाहीं.

भारताकडे वळलें तर येथें निराळेंच दृश्य दिसतें. घोड्यासाठीं शालिहोत्राची व हत्तीसाठीं पालकाप्याची अशा वैद्यकाच्या स्वतंत्र परंपरा या देशांत निर्माण झाल्या, कारण राज्यें त्या प्राण्यांच्या पाठीवर उभीं होतीं. कुत्र्याला तें भाग्य लाभलें नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा कोशवजा ग्रंथ सिद्ध केला, त्यांत कुत्र्याला स्थान आहे. परंतु तें राजाच्या विनोदांत, म्हणजे मनोरंजनांत आहे. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाबरोबर चालत राहणारा कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेंत कुत्र्याची निष्ठा आहे, त्याची प्रकृति नाहीं. साताऱ्याजवळ माहुली येथें शाहूमहाराजांच्या समाधीपाशीं त्यांच्या लाडक्या कुत्र्याचें स्मारक दाखविलें जातें, तेंहि कुत्र्याच्या पराक्रमाचें आहे. कुत्र्याला कीर्ति मिळाली ती जवानींतल्या धांवण्याची. म्हातारपणाच्या वाट्याला आपल्या भाषेनें ‘कुत्र्याच्या मौतीनें मरणें’ हा वाक्प्रचार तेवढा ठेवला.

याला एक तेजस्वी अपवाद आहे, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. पारशी धर्माच्या ‘वेंदिदाद’ ग्रंथांत कुत्र्याला वाईट अन्न देणें हा दंडनीय अपराध मानला आहे, आणि घरांतला कुत्रा वेडा होऊन त्याची वास घेण्याची शक्ति गेली तर धर्मबंधूवर जसे उपचार करावयाचे तसेच त्याच्यावर करावेत, अशी आज्ञा आहे. ही श्रद्धा पोथींत पडून राहिली नाहीं. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम चालू असतां पारशी समाज खवळून उठला. दुकानें बंद पडलीं, कोटांत दंगल झाली. इतिहासांत ती कुत्र्यांची दंगल म्हणूनच ओळखली जाते. तिच्या पाठोपाठ १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वर भागांत पांजरपोळ स्थापन झाली. बेवारशी, लुळ्यापांगळ्या आणि म्हाताऱ्या जनावरांना मरेपर्यंत अन्नपाणी मिळावें, हा तिचा हेतु. पुढें १८८३ सालीं परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ निघालें, आणि १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. पन्नास-बावन्न वर्षांत या शहरानें आश्रयापासून उपचारापर्यंतची मजल मारली. पांजरपोळेनें म्हाताऱ्या जनावराला जागा दिली. त्याला काय होतें आहे हें विचारण्याचें काम इस्पितळाकडे आलें.

परंतु पशुवैद्यक म्हणजे त्या काळीं प्रामुख्यानें घोड्याचें व गुरांचें वैद्यक होतें. फ्रान्सांत लिआँ येथें क्लोद बुर्जेला यानें १७६१ मध्यें पहिली पशुवैद्यक शाळा काढली ती घोडे व गुरांच्या सांथी डोळ्यांपुढें ठेवून. लंडनची शाळा १७९१ ची. तिचेंहि मुख्य लक्ष घोड्यावरच. डेलाबेअर ब्लेन यानें १८१७ मध्यें कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढें विल्यम यूआट यानें तें काम चालविलें. तरी कुत्र्यांना औषध देणें हें प्रतिष्ठित पशुवैद्याला शोभणारें काम नव्हे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ती बदलली विसाव्या शतकांत, आणि बदलणारी शक्ति दयेची नसून मोटारीची होती. रस्त्यांवरून घोडा नाहींसा झाला, तसा शहरांतील पशुवैद्य दिवाणखान्यांतल्या कुत्र्याकडे वळला.

त्याच सुमारास दुसरी एक घटना घडली. तोंवर बहुसंख्य कुत्रीं म्हातारीं होण्यापूर्वींच मरत. डिस्टेंपर नांवाचा सांथीचा रोग पिलांचा फडशा पाडी. १९०५ सालीं फ्रान्समध्यें हेन्री कारे यानें त्या रोगाचें बीज गाळणींतून पार जाण्याइतकें सूक्ष्म असल्याचें दाखविलें, आणि १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत लेडलॉ व डंकिन यांनीं त्यावर लस तयार केली. लस टोंचलेलीं पिलें जगूं लागलीं, दहा-बारा वर्षांचीं होऊं लागलीं; आणि पूर्वीं क्वचित् दिसणारें कुत्र्याचें वार्धक्य घरोघर दिसूं लागलें. बालपणचा रोग हटला तेव्हां कोठें म्हातारपणचे रोग दिसूं लागले. माणसाच्या बाबतींतहि इतिहास असाच घडला आहे.

या रोगांपैकीं तहानेची कथा सर्वांत विलक्षण आहे. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग या दोघां वैद्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें. प्रश्न पचनाचा होता. उत्तर निराळेंच मिळालें. कुत्रा सारखा लघवी करूं लागला, आणि त्या लघवींत साखर निघाली. मधुमेहाचें मूळ स्वादुपिंडांत आहे हें जगाला प्रथम एका कुत्र्याच्या देहानें सांगितलें. १९२१ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरांटो येथें बॅंटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून तें द्रव्य हातीं घेतलें, ज्याला पुढें इन्शुलिन म्हणूं लागले. आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मुलाला तें टोंचण्यांत आलें. त्यानंतर कोट्यवधि माणसें या औषधावर जगलीं. ज्या प्राण्याकडून हें ज्ञान आलें त्याला स्वतःलाहि मधुमेह होतो, उतारवयांत विशेष होतो, आणि त्यालाहि तेंच औषध लागू पडतें, ही गोष्ट मात्र कुत्रा पाळणाऱ्या अनेकांच्या कानांवर फार उशिरां आली. मधुमेही कुत्र्याच्या डोळ्यांत कांहीं महिन्यांतच मोतीबिंदु उतरूं शकतो; आणि तहान व आंधळेपण हीं दोन्ही एकाच रोगाचीं टोकें असतांहि घरांत दोहोंचा अर्थ एकच लावला जातो : वय झालें.

वाढलेली तहान ही एकट्या मधुमेहाची खूण नव्हे. मूत्रपिंडें झिजलीं कीं लघवी घट्ट करण्याची त्यांची शक्ति जाते. मग पाणी वाहून जातें आणि कुत्रा तें भरून काढण्यासाठीं पीत राहतो. कठीण गोष्ट अशी कीं मूत्रपिंडांचें सुमारें दोनतृतीयांश काम बंद पडेपर्यंत हें लक्षण उमटतच नाहीं. तिसरें कारण अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग याच्या नांवाचें आहे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीच्या बिघाडानें माणसाचें शरीर कसें बदलतें याचें वर्णन त्यानें १९३२ सालीं केलें. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा रोग माणसांपेक्षां पुष्कळ अधिक आढळतो : पोट सुटतें, केस विरळ होतात, भूक वाढते, धाप लागते, पाण्याचें भांडें रिकामें होतें. भूक वाढलेली पाहून घरचे लोक उलट समाधान मानतात. चौथें कारण नसबंदी न केलेल्या मादीचें. ऋतूनंतर कांहीं आठवड्यांनीं गर्भाशयांत पू होतो, कुत्री मरगळते व घटघटां पाणी पिते. येथें दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो, आणि शस्त्रक्रियेनें जीव वांचूं शकतो. एक लक्षण आणि चार कारणें, असा हा प्रकार आहे. रक्ताची व लघवीची साधी तपासणी पुष्कळ वेळां त्यांची फोड करते. कधीं याहून बारीक तपासणी लागते. नुसत्या नजरेला मात्र तें साधत नाहीं.

खोकल्याचेंहि तसेंच. १८१६ सालीं फ्रेंच वैद्य लेनेक यानें छातीचा आवाज ऐकण्याची नळी शोधून काढली, पण कुत्र्याच्या छातीला ती पद्धतशीरपणें लागावयास दीडशें वर्षें जाणार होतीं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर फिलाडेल्फिया येथें डेव्हिड डेटवायलर व त्यांचे सहकारी यांनीं हजारों कुत्र्यांचीं हृदयें तपासलीं. वयाबरोबर हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड व वेडीवांकडी होते, नीट मिटत नाहीं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर थोडें रक्त मागें फिरतें, हा प्रकार म्हाताऱ्या कुत्र्यांत, त्यांतल्या त्यांत लहान जातींत, फार मोठ्या प्रमाणावर असल्याचें दिसून आलें. प्रारंभीं याचें कांहींच लक्षण नसतें. नळी लावणाऱ्याला फक्त एक फुसफुसणारा ध्वनि ऐकूं येतो. वर्षांमागून वर्षें जातात, हृदय फुगत जातें, आणि मग रात्रींचा खोकला व थकवा सुरू होतो. २०१६ सालीं ३६० कुत्र्यांवरील एका आंतरराष्ट्रीय परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय मोठें झालें आहे पण लक्षणें अद्याप नाहींत, अशा वेळीं पिमोबेंडन हें औषध सुरू केल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सरासरीनें सुमारें सवा वर्ष पुढें ढकलली जाते, असें त्यांत ठरलें. बारा वर्षांच्या आयुष्यांत सवा वर्ष ही लहान रक्कम नव्हे. मात्र ती मिळते खोकला सुरू होण्यापूर्वीं छाती तपासून घेणाऱ्याला. निजलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तिसांहून अधिक भरूं लागले, तर तो सावध होण्याचा इशारा समजावा, हें मोजमाप तर घड्याळ असलेल्या कोणत्याहि घरांत होण्यासारखें आहे.

सांध्यांच्या बाबतींत दोष पुष्कळ अंशीं ताटाकडे जातो. अमेरिकेंत अठ्ठेचाळीस लॅब्रडॉर पिलांच्या जोड्या लावून एक दीर्घ प्रयोग करण्यांत आला. प्रत्येक जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश कमी अन्न जन्मभर देण्यांत आलें. २००२ सालीं निष्कर्ष बाहेर आले, तेव्हां सडसडीत राहिलेले कुत्रे जवळ जवळ दोन वर्षें अधिक जगल्याचें दिसलें. आणि संधिवातावर कायमचें औषध सुरू करण्याची पाळी त्यांच्यावर सुमारें तीन वर्षें उशिरां आली. जेवणाच्या वेळीं प्रत्येकाच्या ताटांतला शेवटचा घास कुत्र्याला देण्याची चाल असलेल्या घरांनीं हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. येथें आणखी एका संवयीचा उल्लेख अवश्य आहे. कुत्रा लंगडतो म्हणून घरांतील माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांपैकीं अर्धी गोळी त्याला देणें ही दया नसून विषप्रयोग ठरूं शकतो. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल हीं औषधें कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडांना व यकृताला भयंकर बाधूं शकतात. कुत्र्यासाठीं निराळीं औषधें आहेत, आणि तीं पशुवैद्यानेंच द्यावयाचीं असतात.

सर्वांत शेवटीं उकललें तें मेंदूचें कोडें. म्हातारा कुत्रा दिवसभर निजतो आणि रात्रभर येरझारा घालतो, ओळखीच्या खोलींत कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला थांबून दार उघडण्याची वाट पाहतो, अंगणांत जाण्याची शिस्त विसरतो, घरच्याच माणसाकडे परक्यासारखा पाहतो. हा सारा प्रकार शतकानुशतकें हट्टीपणा किंवा बुद्धिभ्रंश म्हणून सोडून देण्यांत आला. १९९० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील अर्व्हाइन येथें व टोरांटोमध्यें संशोधकांनीं वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूंची व बुद्धीची परीक्षा केली. माणसाच्या स्मृतिभ्रंशाच्या रोगांत, ज्याला आल्झायमर म्हणतात त्यांत, मेंदूंत सांचणारें एक प्रथिन या कुत्र्यांच्याहि मेंदूंत सांचलेलें सांपडलें, आणि जेथें संचय अधिक तेथें विसराळूपणाहि अधिक दिसला. २००१ सालीं डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पाहणींत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकीं शेंकडा २८ व पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकीं शेंकडा ६८ कुत्र्यांत यांपैकीं निदान एक प्रकारचें लक्षण आढळलें. १९९८ सालींच अमेरिकन सरकारनें या विकारासाठीं सेलेजिलिन हें औषध मंजूर केलें होतें. मूळ तें माणसाच्या कंपवातावरचें. २००५ सालीं टोरांटोच्या संशोधकांनीं आणखी एक आशादायक गोष्ट दाखविली : विशिष्ट आहार, फिरणें, सोबत व नवी खेळणीं मिळालेल्या वृद्ध कुत्र्यांची शिकण्याची शक्ति दोन वर्षांच्या काळांत पुष्कळच टिकून राहिली. म्हाताऱ्याला कोपऱ्यांत निवांत पडूं द्यावें, या कनवाळू समजुतीला यानें धक्काच बसला.

तथापि मेंदूचें नांव घेण्याची घाई करणें ही जुन्याच चुकीची नवी आवृत्ति होईल. हांकेला न येणारा कुत्रा विसराळू नसून बहिरा असूं शकतो. घरांत लघवी करणारा कुत्रा शिस्त विसरलेला नसून त्याचीं मूत्रपिंडें थकलेलीं असूं शकतात. मुलांवर गुरगुरणाऱ्याचा स्वभाव बिघडलेला नसून त्याचा कंबरेचा सांधा दुखत असतो. रात्रींचा अस्वस्थपणा हृदयाचा असूं शकतो. डोळ्यांतील निळसर झांक बहुधा वयानें घट्ट झालेल्या भिंगाची असते व तींतून कुत्र्याला बऱ्यापैकीं दिसतें. पांढरा मोतीबिंदु ती नव्हे. पुन्हां हीं लक्षणें एका जागीं स्थिर राहत नाहींत. आज जो कुत्रा नुसता अधिक पाणी पितो, तो चार महिन्यांनीं जेवण टाकतो आणि आणखी दोन महिन्यांनीं वांत्या करतो. तिन्ही गोष्टी तीन दुखणीं नसून एकाच दुखण्याचे तीन टप्पे असतात. म्हणून पशुवैद्याला सर्वांत मोलाची मदत होते ती घरांत ठेवलेल्या साध्या टिपणाची : केव्हांपासून, किती पाणी, किती वजन, रात्रीं किती वेळां. कुत्र्याला आपली हकीकत सांगतां येत नाहीं. ती तारीखवार लिहून ठेवण्याचें काम धन्याचें आहे.

एवढें करूनहि एक दिवस असा येतो कीं इलाज संपतात आणि वेदना उरते. या प्रश्नावर भारतांत फार मोठा वाद झाला तो कुत्र्यावरून नव्हे, एका वासरावरून. १९२८ सालीं साबरमती आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. सर्व उपाय हरल्यावर महात्मा गांधींनीं डॉक्टरकडून सुई टोंचवून त्याचा शांतपणें अंत करविला. अहिंसेच्या उपासकानें हें करावें याचा देशभर गहजब झाला, संतापाच्या पत्रांचा वर्षाव झाला. गांधींनीं आपली बाजू छापून मांडली : हेतु जर केवळ त्या जीवाची यातना संपविण्याचा असेल आणि दुसरा कोणताहि मार्ग उरला नसेल, तर तें कृत्य हिंसा ठरत नाहीं. पांजरपोळेचा मार्ग आणि साबरमतीचा मार्ग, दोन्ही करुणेंतूनच निघाले. कोणता केव्हां स्वीकारावा हें प्रत्येक घराला आपापल्या कुत्र्याकडे पाहूनच ठरवावें लागतें. मात्र तो निर्णय प्रामाणिक व्हावयाचा तर त्यापूर्वीं एक अट पुरी झालेली असली पाहिजे. दुखण्याचें नांव समजलेलें असलें पाहिजे, आणि उपाय खरोखरच संपलेले असले पाहिजेत. ज्याचें कारण शोधलेंच नाहीं त्याला असाध्य म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.

कुत्र्याच्या वार्धक्याचें ज्ञान असें थेंबाथेंबानें जमलें आहे, आणि त्यांतील पुष्कळ थेंब कुत्र्यांच्याच रक्ताचे आहेत. त्या ज्ञानाचा कांहीं भाग त्यांच्याकडे परत जावा, यांत उपकार कोणताच नाहीं, साधी परतफेड आहे. ती करावयास इस्पितळ किंवा प्रयोगशाळा काढावी लागत नाहीं. वय झालें हें वाक्य ओठांवर आलें कीं त्याच्या पुढें एक प्रश्न जोडावयाचा : “म्हणजे नेमकें काय झालें?” त्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास जो कुत्र्याला घेऊन पशुवैद्याकडे जातो, त्याच्या हातीं कधीं सवा वर्ष लागतें, कधीं कांहीं महिने, आणि कधीं नुसती वेदनेवांचूनची एक रात्र, पण दाराशीं पडलेल्या त्या जीवाच्या हिशेबांत यांतलें कांहींच थोडें नसतें.